लिडलकूमच्या सम्राटाचं नाक

नेदर लिडल, डेव्हन
रविवार, २३ जुलै

तीर्थस्वरूप एनिडताईस,

धाकट्या विल्फ्रेडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे काय, डॉक्टरांनी खुब्यात नवी वाटी बसवल्यापासून मी एकदा खाली गेलो की वर यायला शेजारचा सिरिल पेथिक लागतो, आणि तो आत्ता चहाला गेला आहे. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला आहे, पण आठही अंगं मनाने जमिनीला टेकली आहेत असं समज.) तिकडे व्हिटबीला तुझा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू खोकल्याला अर्धी ओळ दिलीस आणि तुमच्या पोस्टाच्या बदललेल्या वेळांना दीड पान, त्यामुळे काळजी वाटते. समुद्राच्या वाऱ्यात डोक्याला काही न बांधता फिरत जाऊ नकोस. अठ्ठ्याहत्तरी म्हणजे काही लहान वय नव्हे. तुझी मांजर बरी असेल. माझं इकडे सगळं ठीक. खुबा नवा, गुडघे जुने, भूक होती तेवढीच. शेंगांचे वेल यंदा गोगलगायींनी खाल्ले, आणि उरलेले सिरिलने ‘जरा चव बघतो’ म्हणून नेले.

आता एक विनंती आहे, ती आधीच करतो. तू लहानपणापासून कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतेस आणि मग ‘हे मला आधीच माहीत होतं’ असं म्हणून ठेवून देतेस. हे पत्र कृपा करून तसं वाचू नकोस. पत्राबरोबर सुतळीने बांधलेली एक डबी आहे. मी तीस वर्षं पोस्टमन होतो, लोक आधी पार्सल फोडतात आणि पत्र नंतर, तेही चष्मा सापडला तर, वाचतात हे मी दारोदार पाहिलं आहे. म्हणून सुतळीला सात गाठी मारल्या आहेत. तुझ्या बोटांचा संधिवात लक्षात घेता त्या सुटेपर्यंत पत्र सहज वाचून होईल. (कात्री घेऊ नकोस.)

तर गेल्या गुरुवारी मी सहज लिडलकूम हाउस बघायला गेलो होतो. हो, तेच. पत्र खाली ठेवू नकोस, ताई. सिरिल हे पत्र टाकायच्या आधी शुद्धलेखन तपासायच्या निमित्ताने वाचणारच आहे, आणि त्याला एखादी गोष्ट अर्धी कळली तर उरलेली अर्धी तो स्वतः तयार करून गावभर सांगतो, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहितो. बाबा तिथे दुय्यम माळी होते, आई घरात झाडलोट करायची, आणि आपलं घर बागेच्या उंच भिंतीला पाठ लावून उभं होतं. सत्तावन्न सालच्या ऑगस्टात तू बारा वर्षांची होतीस आणि मी सात. पुष्पप्रदर्शनाच्या प्रमुख पाहुण्यांना गुच्छ द्यायचा मान तुला मिळाला होता. आईने जुन्या पडद्याच्या अस्तरातून तुला पांढरा फ्रॉक शिवला होता, आणि तू रोज सकाळी बागेतल्या रोमन सम्राटाच्या अर्धपुतळ्यासमोर उभी राहून, गाजराच्या पाल्याचा गुच्छ पुढे करून, गुडघा वाकवून सराव करत होतीस. प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना तुझा पाला सम्राटाच्या तोंडाला लागला आणि त्याचं नाक पडलं. तू सरळ घराच्या मालकीण लेडी हेन्रिएटांपुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, नाक माझ्या हातून पडलं. त्यांनी विचारलं, मग ते आहे कुठे? ते कुठेच सापडलं नाही. चार माळ्यांनी झुडपंन् झुडूप हुडकलं. तेव्हा तूच ते लपवलंस असं धरून लेडीसाहेबांनी सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हटलं, आणि शनिवारी गुच्छ गावच्या पाद्र्याच्या मुलीने, रोझमंडने, दिला. तो फ्रॉक तू एकदाही घातला नाहीस. सहासष्ट वर्षं झाली. दर उन्हाळ्यात तू माझ्याकडे येतेस, आणि आपली बस लिडलकूमच्या फाटकापाशी आली की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून गायी बघतेस. तिथे गायी नाहीत, ताई. एकोणनव्वद सालापासून तिथे पेट्रोल पंप आहे.

असो. आपण ज्या बागेत कुंपणाच्या भोकातून शिरायचो तिथे आता खिडकीशी रांग लावून शिरावं लागतं. लेडीसाहेब गेल्यानंतर घर एका संस्थेकडे आलं, आणि संस्थेने सगळीकडे पाट्या लावल्या आहेत. सिरिलने मला गाडीतून नेलं खरं, पण त्याला इतिहासाचं वावडं. तबेल्यात आता चहाचं दुकान आहे हे कळताच तो म्हणाला, ‘तू हो पुढे, मी घोड्यांची जागा बघून येतो,’ आणि तीन तास घोड्यांच्या जागी बसून त्याने जॅम-क्रीम लावून स्कोन खाल्ले. मी माझा निळा ब्लेझर घातला होता. (तोच, छातीवर भोपळ्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकाचा पितळी बिल्ला असलेला. बिल्ला काढला तर खाली भोक दिसतं, म्हणून काढत नाही.) पुढे जे झालं त्यात या बिल्ल्याचा वाटा मोठा आहे. मला सरळ बागेत जायचं होतं, पण संस्थेच्या बाणांप्रमाणे बागेत जायचं तर आधी सगळं घर पार करावं लागतं, आणि बाण मोडून उलट जाणारा माणूस आपल्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

ग्रंथालयापर्यंत खुब्याने साथ दिली, मग तो संपावर गेला. आता, घर संस्थेकडे आल्यापासून तू आत गेली नाहीस म्हणून सांगतो. अशा घरांत खुर्चीवर ‘बसू नये’ असं लिहीत नाहीत, ते उद्धटपणाचं दिसतं. बैठकीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात, आणि समजायचं ते ज्याने त्याने समजायचं. तिथे अकरा खुर्च्या होत्या. दहांवर बोंडं होती. शेकोटीजवळच्या अकराव्या खुर्चीवर काहीच नव्हतं. मी पुन्हा एकदा हात फिरवून खात्री केली आणि बसलो. बिनबोंडाची खुर्ची त्या खोलीची माहिती सांगणाऱ्या बाईंची असते, आणि त्या बाई नाक शिंकरायला बाहेर गेल्या आहेत, हे मला कसं कळावं?

दोन मिनिटांत लीड्सच्या एक मिसेस ओल्ड्रॉइड समोर येऊन उभ्या राहिल्या. धिप्पाड बाई, पावसाची टोपी, हातात पिशवी. ‘माफ करा हं, तुम्हाला त्रास देते,’ त्या म्हणाल्या, ‘ते घड्याळ बंद का आहे?’ मी म्हणालो, माफ करा, त्यात धाकट्या साहेबांनी उंदीर कोंडला होता तेव्हापासून ते बंद आहे. हे मला आईने सांगितलेलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं. तिथेच मी म्हणायला हवं होतं की बाई, मी इथला कोणी नव्हे, माझा खुबा दुखतो आहे. पण त्यांनी इतक्या आदबीने विचारलं होतं की त्यांची चूक त्यांच्या तोंडावर सांगून त्यांना लाजवणं माझ्या जिवावर आलं. आणि एका प्रश्नाचं उत्तर दिल्यावर दुसऱ्याला ‘मी इथला नाही’ म्हणणं म्हणजे पहिलं उत्तर काय म्हणून दिलंत, असा प्रश्न येणारच. मिसेस ओल्ड्रॉइडच्या मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. आता आपल्याकडे दोन माणसं एकामागे एक उभी राहिली की तिसरा येऊन त्यांच्या मागे उभा राहतो. रांग कशाची ते विचारत नाही, विचारणं म्हणजे पुढच्यावर अविश्वास. मी डोकं वर केलं तेव्हा रांग दाराबाहेर गेली होती, आणि खोलीच्या खऱ्या बाई परत येऊन रांगेच्या शेवटी उभ्या होत्या.

मी पळून जायचं ठरवलं. त्या खोलीत खोट्या पुस्तकांच्या पाठी चिकटवलेलं दार आहे, तुला आठवत असेल. मी उठलो, ‘आलोच’ असं म्हणालो, दार ढकलून आत शिरलो आणि मागे लावून घेतलं. काळोखात दोन श्वास घेतले. तेवढ्यात शेजारी कोणी तरी खोकलं. ‘माफ करा,’ मिसेस ओल्ड्रॉइडचा आवाज आला, ‘ही कोणत्या काळातली खोली?’ मी दिवा लावला. आत आम्ही सात जण होतो, छातीला छाती लावून, एकमेकांची माफी मागत. उरलेले बाहेर आपल्या पाळीची वाट बघत होते. खोली म्हणजे झाडू ठेवायची जागा, ताई. आईची. तिचा खिळा अजून भिंतीत आहे, ज्याला ती अ‍ॅप्रन अडकवायची. मी म्हणालो, ‘माझ्या आईच्या काळातली.’ आणि मग का कोण जाणे, मी त्यांना सांगत सुटलो की ती पहाटे पाचला इथून निघायची, घर जागं व्हायच्या आत चौदा शेकोट्या साफ करायची, आणि घरच्या कोणाच्या नजरेला पडली तर तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. त्या गृहस्थांनी टोपी काढली, आणि एका मुलीने खिळ्याचा फोटो घेतला.

तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. मी जिथे जाईन तिथे एकोणतीस माणसं मागे. मी जिन्यावर दम खायला थांबलो तर तेही थांबले आणि मी बघत होतो ती भिंत बघू लागले. मी मुतारीत गेलो तर बाहेर शिस्तीत उभे राहिले, आणि परत आलो तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं की आतल्या फरशा मूळच्याच का? प्रत्येक खोलीतली खरी मार्गदर्शक बाई मला बघून उठून उभी राहायची, कारण मागे एवढी माणसं, छातीवर पितळी बिल्ला, म्हणजे मी वरच्या कचेरीतून तपासणीला आलेलो असणार. एकीने तर घाईघाईने विणकाम उशीखाली सारलं. वरच्या मोठ्या खोलीत, जिथे कुठलासा राजा एक रात्र झोपून गेला अशी पाटी आहे, तिथे मी सांगितलं की दर वसंतात त्या गादीला ऊन द्यायला आई आणि बाबा ती खाली आणायचे आणि तिच्या एका कोपऱ्यात एक्सेटरच्या दुकानाचं नाव शिवलेलं होतं. मागून कानाला यंत्र लावलेल्या एका आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे राजे स्वतः एक्सेटरला खरेदीला गेले होते काय?’ त्यांची बायको म्हणाली, ‘गप बस रे हर्बर्ट, ते सांगतील.’ मी सांगितलं नाही. मला काहीच माहीत नव्हतं.

शेवटी एकदाचे बागेत आलो. ताई, इथे जरा थांबतो. भिंतीतलं ते छोटं हिरवं दार उघडलं, आणि बाबांची नाशपातीची झाडं अजून तिथे आहेत. भिंतीवर हात पसरून बांधलेली, सातही. खोडं माझ्या कमरेएवढी झाली आहेत, पण फांद्यांना दिलेली वळणं बाबांचीच आहेत. डाव्या बाजूचं तिसरं झाड अजून वाकडं आहे, ते आपण दोघांनी झोके घेऊन वाकडं केलं होतं आणि बाबा ‘वाऱ्याने झालं’ म्हणाले होते. मी खोडावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘हे माझ्या बापाने लावलं.’ माझा आवाज फुटला. एकोणतीस माणसांनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं, आणि थोड्या वेळाने कोणी तरी माझ्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवली. ती खाऊन बरं वाटलं.

आणि मग सम्राट. आहे तिथेच आहे, दोन हिरव्या कुंपणांच्या मध्ये, डोक्यावर पाखरांची घाण, नाकाच्या जागी सपाट. त्याच्या खाली संस्थेची पाटी: सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत पार्लमेंटच्या सैनिकांनी या पुतळ्याचं नाक फोडलं. सैनिकांनी! तो पुतळा लेडीसाहेबांच्या आजोबांनी इटलीहून आणला, युद्ध संपल्यावर दोनशे वर्षांनी, आणि आणताना त्याच्या डोक्यावर हॅट ठेवून आगगाडीच्या डब्यात बसवला होता, हे बाबा सांगायचे. पण अशा घरात काही मोडलेलं असलं की सैनिकांच्या माथी मारायचं ही रीतच आहे, ते बिचारे तक्रार करायला येत नाहीत. मिसेस ओल्ड्रॉइडनी पाटी दोनदा वाचली. ‘आमच्या यॉर्कशायरात ते आले तेव्हा किल्ल्याचं छप्पर नेलं,’ त्या म्हणाल्या. ‘इथे एवढी घोडी दामटत आले, आणि फक्त नाक? खरं सांगा, कोणी फोडलं?’

ताई, सहासष्ट वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं. काय दिलं ते खाली ताज्या कलमात लिहितो, इथे माझी पेन्सिल अडते. उत्तर देऊन झाल्यावर मी भिंतीपाशी गेलो, जिथे जुन्या काळी मधमाश्यांच्या टोपल्या ठेवायचे त्या कोनाड्यांपैकी शेवटच्यात हात घातला, आणि मागची सुटी वीट काढली. विटेमागे जे होतं ते तुझ्यासमोरच्या डबीत आहे. (अजून नको. चार गाठी तरी शिल्लक असतील.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार नाही, आपल्याकडे वाजवतात तेवढ्या, बोटांनी तळव्यावर.

टाळ्या थांबल्यावर मागून खोकल्याचा आवाज आला. संस्थेच्या स्वयंसेवकांच्या प्रमुख मिसेस हॅनाफर्ड वही घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ‘मिस्टर…?’ ‘टॅपस्कॉट,’ मी म्हणालो. त्यांनी वहीत बोट फिरवलं. ‘आपलं नाव आमच्या यादीत दिसत नाही.’ मी म्हणालो, नसणारच. ‘मग आपण गेले दोन तास काय करत होतात?’ मी म्हणालो, ‘बाई, मी बसायला जागा शोधत होतो.’ यावर त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी मला दगडी बाकावर बसवलं आणि भरायला एक फॉर्म दिला. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. सैनिकांनी नाक फोडल्याची गोष्ट छापलेली चार हजार पत्रकं पडून आहेत, शिवाय भांडी पुसायचे रुमाल, ज्यांवर सम्राट आणि सैनिक दोघे आहेत आणि खाली घोडा. ‘आपण हे आधी सांगायला हवं होतं,’ त्या अगदी कळवळून म्हणाल्या. मी म्हणालो, बरोबर आहे. याहून खरं मला कोणी आजवर बोललं नव्हतं.

परत आलो तर सिरिल चौथ्या स्कोनवर होता आणि स्कोनवर आपल्यासारखं क्रीम आधी लावायचं की त्यांच्यासारखा जॅम आधी यावरून कॉर्नवॉलच्या एका निरुपद्रवी जोडप्याशी त्याचं तोंड लागलं होतं. ‘कशी होती बाग?’ त्याने विचारलं. मी म्हणालो, छान होती. ‘मग डोळे का लाल?’ मी म्हणालो, फुलांचं मला सोसत नाही. तो हो म्हणाला. माळ्याच्या पोराला फुलं सोसत नाहीत हे त्याला पटलं, असा हा माणूस.

बाकी विशेष नाही. व्हिटबीच्या सगळ्यांना माझा यथायोग्य नमस्कार, मांजरीच्या डोक्यावरून एकदा माझा हात फिरव, आणि औषध वेळेवर घे.

तुझा आज्ञाधारक (हा शब्द खोटा आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?) भाऊ,
विल्फ्रेड

ताजा कलम: वर ‘सहज गेलो होतो’ असं लिहिलं आहे ते खरं नाही. जूनमध्ये सिरिलने बातमी आणली की येत्या हिवाळ्यात ती भिंत उकलून नव्याने बांधणार आहेत, एकेक वीट काढून. तेव्हापासून मला झोप नाही. मी घाबरून गेलो होतो.

ताजा कलम दुसरा: मिसेस ओल्ड्रॉइडना मी जे सांगितलं ते असं. नाक सैनिकांनी फोडलं नाही, आणि माझ्या बहिणीनेही नाही. ते मी फोडलं. बुधवारी दुपारी, बेचकीने. सम्राटाच्या डोक्यावर पाखरू बसलं होतं, त्याला नेम धरला होता. नाक पायाशी पडलं, मी पळत जाऊन बाबांच्या खोपटातून कलमाला लावायचं मेण आणलं, नाक परत चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून ठेवलं. छान बसलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन फार पडलं, मेण मऊ झालं, आणि तू पाला पुढे केलास. मी कुंपणामागे होतो, ताई. नाक घरंगळत माझ्यापाशी आलं. त्यावर मेण होतं, म्हणजे ते आधीच तुटलेलं होतं हे कोणालाही कळलं असतं, म्हणून मी ते खिशात घातलं. तुझ्याजवळ नाक असतं तर कोणी तुला खोटारडी म्हणू शकलं नसतं. तुझ्या खरेपणाचा पुरावा माझ्या खिशात होता, आणि मी उभा राहून ऐकत होतो. त्याच संध्याकाळी मी ते त्या विटेमागे लपवलं. बाबांची नोकरी जाईल असं मला वाटलं, हे खरं आहे, पण बाबा एकाहत्तर साली निवृत्त झाले, त्यानंतर कोणाची नोकरी जाणार होती? त्यानंतर मी फक्त भित्रा होतो. प्रदर्शनाच्या दिवशी तू घरात बसली होतीस आणि मी दोनदा आइस्क्रीम घेतलं, हेही सांगून टाकतो. तू अडतीस वर्षं मास्तरीण होतीस, पुराव्याशिवाय तू एकाही पोराला खोटं पाडलं नाहीस असं तुझ्या निरोप समारंभात सगळे म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला फार लाज वाटते, ताई.

ताजा कलम तिसरा: आता डबी उघड. (तू आधीच उघडली असशील तर नाकाला बघून ओरडली असशील, त्याबद्दल माफ कर.) बाबांच्या तंबाखूची डबी आहे, तू ओळखशील. नाक उलटं कर. मागे मेण अजून आहे, दगडासारखं झालंय, आणि त्याच्या कडेला एक ठसा आहे. बारीक आहे, चष्मा लाव. तो सात वर्षांच्या मुलाचा अंगठा आहे. बारा वर्षांच्या मुलीचा एवढा लहान नसतो. हे कोणालाही दाखव, सगळ्या व्हिटबीला दाखव.

(सिरिलची टीप: शुद्धलेखन तपासलं. चुका नाहीत, पण दोन जागी कागद ओला झाल्याने अक्षर लागत नाही. गावात मी यातलं काही बोलणार नाही. स्कोन तीन होते, चार नव्हे. — सि. पे.)

ताजा कलम चौथा, आणि पत्र खरं तर यासाठीच लिहिलं: काल शनिवारी संस्थेच्या समितीची तातडीची बैठक झाली. पत्रकं आणि रुमाल संपेपर्यंत पाटीवर सैनिक राहणार, आणि दर गुरुवारी मी पाटीशेजारी उभा राहून खरं सांगणार, असा मार्ग निघाला. (त्यांनी मला बिनबोंडाची खुर्चीही दिली आहे.) शिवाय २६ ऑगस्टला पुष्पप्रदर्शन आहे. प्रमुख पाहुणी म्हणून बागेशी जुनं नातं असलेलं कोणी हवं होतं. मी तुझं नाव दिलं, आणि मिसेस हॅनाफर्ड लगेच हो म्हणाल्या. गुच्छ द्यायला त्यांनी शाळेतली एक मुलगी बघितली होती. मी नको म्हणालो. गुच्छ मी देणार आहे. काल बैठकीनंतर सम्राटासमोर गाजराचा पाला धरून तासभर सराव केला. गुडघा वाकतो, वर येत नाही, पण सिरिल पाठीमागे उभा राहील. पांढरं काही असेल तर ते घालून ये, नसेल तर काहीही चालेल. तू रागावून आली नाहीस तर तेही मला समजेल, मी तरीही पाला धरून उभा राहीन. पण आलीस तर बसमध्ये या बाजूच्या खिडकीत बस, आणि नाक विसरू नकोस. ते समितीने तुझ्या हातूनच बसवायचं ठरवलं आहे. मेण मी आणतो. या वेळी अंगठा तुझा.